माझ्याच लग्नावर माझी हरकत

फेब्रुवारी सरत आला की अंजनगाव सुर्जीकडून अमरावतीला येणाऱ्या एस.टी.त खिडकीच्या जागेसाठी मी आजही वाद घालतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हे शोभत नाही, असं माझ्या पत्नीचं, इंदूचं, मत आहे. पण त्या पंधरा-वीस दिवसांत संत्र्याच्या बगीच्यांना आंबिया बहाराचा फुलोरा आलेला असतो आणि गाडी कुंपणांच्या कडेने धावू लागली की तो वास धुळीसकट आत शिरतो. धुळीसकट येतो म्हणूनच मला तो खरा वाटतो. झाडांवर तेव्हा पांढऱ्या, मेणासारख्या बारीक कळ्या असतात. बाजारात मात्र मृग बहाराची पिकलेली संत्री आलेली असतात. एकाच महिन्यात एकीकडे फळ, दुसरीकडे फूल. माझ्या आयुष्यातला एक महिना असाच होता. तो दर वर्षी या वासाबरोबर परत येतो आणि मी दर वर्षी तोंड मिटून बसतो. या वर्षी बसलो नाही. त्याला कारण एक सिनेमा झाला.

यंदा आम्ही इंदूच्या माहेरी, तिच्या भावाच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. माहेर फुलमाळ्याचं. शेवंती, झेंडू, मोगरा, आणि मागच्या बाजूला संत्र्याचा बगीचा. तो बगीचा तिच्या वडिलांनी लावलेला. भाऊ आता प्रेमाने बोलावतो, भाच्या पाया पडतात. सगळं रीतसर आहे. पण परतताना बगीचा आला की इंदू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहते. पंचेचाळीस वर्षांत ही सवय मोडलेली नाही. तिने वडिलांविषयी माझ्यापाशी एकदाच सविस्तर तक्रार केली होती, ती वडील वारल्याची बातमी तिसऱ्या दिवशी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा. ती म्हणाली होती, "मारलं असतं तं चाललं असतं. कचेरीत जाऊन हरकत घेतली असती तं बी चाललं असतं. एका महिन्यात त्याईनं बोट बी नाही हालवलं. हरकत घ्याच्या बी लायक नाही समजले मले."

मला जे ठाऊक होतं ते सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते पुढे येईल.

गाडीतून उतरल्यावर इंदू म्हणाली, "अहो, घरी जाऊन काय करता? पिक्चर पाहू." शहरातल्या एका चित्रपटगृहात दुपारचा खेळ होता. तिकीट देणाऱ्या तरुणाने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, लय स्लो पिक्चर हाय. अर्ध्यातून उठसान तं पैसे वापस नाही भेटत." अशा सूचनेला मी हरकत घेत नाही, ग्राहकाला पूर्वकल्पना देणं हे विक्रेत्याचं कर्तव्यच आहे.

सिनेमा संथ होता, हे मान्य. संथ असणं हा दोष आहे, हे मान्य नाही. एका लहान गावातला शिंपी आणि त्याच्या दुकानासमोरच्या मोठ्या घरातली, नवऱ्याकडून परत आलेली बाई. त्याचा धर्म वेगळा, तिची जात वरची. दोघांच्या मधे एक रस्ता आणि त्या रस्त्यावर सगळं गाव. ती ब्लाउज शिवायला टाकते. माप द्यायला स्वतः जात नाही, मापाचं जुनं ब्लाउज पाठवते. आपल्याकडे हीच रीत. त्यामुळे अख्ख्या सिनेमात तो तिला स्पर्श करत नाही. त्या जुन्या कापडावर फीत ठेवतो, वहीत आकडा लिहितो, आणि लिहिताना त्याचा हात किंचित रेंगाळतो. दर वेळी मापाच्या ब्लाउजचं एक हूक तुटलेलं असतं. ती ते तोडूनच पाठवते. तो काही न बोलता नवं हूक लावतो आणि त्याचे पैसे लावत नाही. प्रेमाची कबुली एवढीच. याहून जास्त कबुली ज्यांना लागते त्यांच्यासाठी इतर पुष्कळ सिनेमे आहेत.

आमच्या मागच्या रांगेत कॉलेजातली मंडळी होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "काय होऊन राहिलं बे याच्यात?"

"हूक लावून राहिला ना."

"अजून?"

"दुसरं हाय हे."

मी मागे वळून पाहिलं. इंदूने माझा हात दाबला. खरं सांगायचं तर मीही शांत नव्हतो. पडद्यावरचे ते दोघे एवढे घाबरलेले पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, विशेष विवाह कायद्याखाली अर्ज करा ना!" इंदूने चिमटा काढला. "गप बसा. त्याईले आयकू नाही येत तुमचं."

मध्यंतरानंतर ते दृश्य आलं. बाईचे म्हातारे वडील रस्ता ओलांडून येतात आणि शिंप्याच्या दारातल्या बाकड्यावर बसतात. शिंपी मशीन चालवत राहतो. कॅमेरा हलत नाही. मशीन थांबतं. आता पडद्यावर दोन माणसं आहेत आणि कुणीच हलत नाही, फक्त म्हाताऱ्याच्या धोतराची किनार वाऱ्याने जराशी उडते. मी खुर्चीत पुढे सरकलो. हे दृश्य मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं. नेमकं हेच. एवढ्यात मागून आवाज आला, "अटकला बे!" शिट्ट्या झाल्या. यंत्र चालवणाऱ्यालाही तसंच वाटलं असावं. दिवे लागले, पडदा पांढरा झाला, आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला तेव्हा बाकडं रिकामं होतं.

बाहेर पडताना इंदूने विचारलं, "तो म्हातारा काय बोलला मंग?"

"काही नाही बोलला बहुतेक."

"असं कसं? घरून उठून आला, येऊन बसला, अन् काईच नाही बोलला?"

उत्तर माझ्याजवळ होतं. मी रिक्षा शोधू लागलो.

घरी येऊन मी चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. पत्रं लिहिणं हा माझा आयुष्यभराचा व्यवहार आहे. पोच घेतो, उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवतो. 'तिकीट हा करार आहे आणि करार संपूर्ण सिनेमाचा होता,' असं मी लिहिलं. 'सदर दृश्य स्थिर होते, बंद पडलेले नव्हते. या दोहोंतील फरक आपण आपल्या यंत्रचालकास समजावून द्यावा आणि आम्हा उभयतांस ते दृश्य संपूर्ण दाखवावे.' इंदूने पत्र वाचलं. "चार मिंटाच्या सीनासाठी येवढा कागद?" मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ते खोटं होतं. प्रश्न तत्त्वाचा नव्हता. तिने ते बाकडं पाहावं, पूर्ण पाहावं, एवढंच मला हवं होतं. कारण मी जे सांगू शकलो नव्हतो ते कुणीतरी पडद्यावर मांडलं होतं आणि नेमकं तेच शिट्ट्या मारून उडवलं गेलं होतं.

पत्र लिफाफ्यात घालताना मला माझं दुसरं पत्र आठवलं. आयुष्यातलं सर्वांत रागावून लिहिलेलं आणि सर्वांत महाग पडू शकलं असतं असं.

इंदू आणि मी भेटलो तेही एका अर्जामुळे. ती अमरावतीला मावशीकडे राजापेठेत राहून शिकत होती. अंजनगावची गाडी कॉलेजच्या थांब्यावर थांबत नव्हती, म्हणून मी आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहिला आणि सह्या गोळा केल्या. पहिली सही तिची. इतर मुलींनी आडनावाचा फक्त फराटा मारला होता. हिने नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं सुवाच्य लिहिलं होतं. मी त्या सहीच्या प्रेमात पडलो असं म्हणणं कायदेशीरदृष्ट्या सिद्ध होणार नाही, पण ते खरं आहे. मी बौद्ध. माझे आजोबा धम्मात आले त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी मान खाली घालून कागदावर सही केलेली नाही. ती फुलमाळ्याची. दोन घरांत अंतर सोळा मैलांचं. पण ते मैलांत मोजायचं अंतर नव्हतं.

मला अकोल्याला सरकारी नोकरी लागली आणि आम्ही तिथेच नोंदणीने लग्न करायचं ठरवलं. वर किंवा वधू, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा; मग नोटीस द्यायची; ती तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागणार; त्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर लग्न. पत्रिका छापून, मांडव घालून लग्न करणाऱ्यांना गावाची परवानगी मागावी लागत नाही. आम्हाला मात्र महिनाभर भिंतीवर टांगून राहायचं. या तरतुदीविरुद्ध मी आजवर अनेक पत्रं लिहिली आहेत आणि हात चालतो तोवर लिहिणार आहे.

तरीही तो फळा मला प्रिय होता, हेही नोंदवतो. जाळीची कुलूपबंद पेटी, आत पाल. त्या पेटीत जांभळ्या कार्बनच्या अक्षरांत आमची नावं एकाखाली एक होती. जगात पहिल्यांदाच. माझं कार्यालय त्याच आवारात, समोरच्या बराकीत. मी रोज दुपारी डबा खाऊन ती नोटीस वाचायला जायचो. कविता वाचावी तशी वाचायचो. आणि बाराव्या दिवशी, तसंच वाचताना, मी एका ओळीवर थांबलो. 'अकोला येथील वास्तव्य तीस दिवस' असं मी जाहीर केलं होतं. मी दिवस नेमणुकीच्या तारखेपासून मोजले होते. पण आईला ताप होता म्हणून मी अकोल्यात प्रत्यक्ष आलो चार दिवसांनंतर. नोटीस दिली तेव्हा जठारपेठेतल्या माझ्या खोलीत मला झाले होते फक्त सव्वीस दिवस.

कुणाच्याही हे लक्षात आलं नसतं. आणखी अठरा दिवस गप्प राहिलो असतो तर लग्न झालं असतं. मी त्याच संध्याकाळी विवाह अधिकाऱ्यांना दीड पानाचं पत्र लिहिलं. माझं निवेदन चुकीचं आहे, सबब नोटीस रद्द करून नवी घ्यावी. आणि एकदा लेखणी तापली म्हणून पुढे हेही लिहिलं की वधू अमरावती जिल्ह्यातली असल्याने नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयाला जायला हवी होती, ती बारा दिवस का गेली नाही, याचा खुलासा व्हावा.

त्या कचेरीत वानखडेबाबू नावाचे कारकून होते. पन्नाशीचे, तंबाखू मळता मळता बोलणारे. त्यांनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण ते रागावले की सगळ्यांना मास्तर म्हणत. "बावीस वर्सं झाले मले या टेबलावर. बाप हरकत घेते, भाऊ घेते, आधीची बायको घेते. सोताच्याच लगनावर हरकत घेनारा मानूस मी पयल्यांदा पायला."

"चूक ती चूक, बाबू."

"अन् हे अमरावतीची प्रत काहून नाही गेली म्हंता?" त्यांनी खण उघडला. प्रत आतच होती. "हे मी दाबून ठेवली होती. तुमच्यासाठी. तिथं फळ्यावर लागली का पोरीच्या गावाले कळलंच. आता तुमी लेखी मांगून राहिले. आता मले धाडाच लागते. धाडू?"

मी उभा राहिलो. माझी चूक मला तेव्हाच दिसली होती, पण पत्राची पोच घेऊन झाली होती. मी म्हणालो, "कायद्याप्रमाणे करा."

पुढच्या रविवारी मी इंदूला मूर्तिजापूरच्या स्टँडवर भेटलो. मूर्तिजापूर अकोल्याला आणि अमरावतीला सारखंच परकं, म्हणून आमचं. पत्र्याखाली चहाचं दुकान, कढईत आलुबोंडे, आणि कधीही वेळेवर न येणारी गाडी, जिला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा दोष देत नव्हतो. घरून आलेली संत्री तिने कापडी पिशवीत आणली होती. ती सोलायला लागली की सालीचा फवारा माझ्या कागदांवर उडायचा. माझ्या त्या पत्राच्या स्थळप्रतीवर आजही तो डाग आहे. वास गेला, डाग राहिला. मी तिला सगळं सांगितलं. संत्र्याची फोड तिच्या हातात तशीच राहिली.

"तुमचं डोस्कं ठिकानावर हाय का?" ती म्हणाली. "मी मावशीच्या कॅलेंडरावर बारा दिवस खोडले होते. पेनानं."

मी तिला कायदा समजावून सांगितला. उद्या कुणी बोट ठेवायला नको. इतरांच्या कागदात खोट निघाली तर ती कागदाची असते. आपल्या कागदात निघाली तर आपली ठरते, आपल्या अख्ख्या घराची ठरते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अन् या महिन्यात बाबा आले अन् मले घेऊन गेले तं? तेव्हा कोनाले पत्र लिवान?"

तिने राहिलेली फोड माझ्या हातावर ठेवली आणि गाडीत चढली.

तो महिना मी कसा काढला ते मला नेमकं सांगता येत नाही. वास मात्र सांगता येतात. अकोल्यात फेब्रुवारीतच दुपारी पत्रा तापायचा आणि खोलीभर तापल्या लोखंडाचा वास व्हायचा. रविवारी मूर्तिजापूर, संत्र्याची साल, डिझेल, तिच्या केसांतलं खोबरेल. आणि एकदा, धीर न धरवून मी एस.टी.ने तिच्या गावावरून नुसताच पुढे गेलो, उतरलो नाही. बगीचा फुलला होता. खिडकीतून वास आला. एक म्हातारा झाडाच्या बुंध्याशी आळं करत वाकलेला दिसला. मला वाटलं, या माणसाची फुलं मला आवडतात आणि या माणसाची मला भीती वाटते. सिनेमातला शिंपी दुकानातून समोरच्या माडीकडे पाहतो तेव्हा त्याच्या तोंडावर जो भाव आहे, त्याचं नाव मला म्हणूनच लगेच ठाऊक होतं.

नव्या नोटिशीच्या सव्विसाव्या दिवशी इंदूचे वडील आले.

धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. पहाटे फुलं बाजारात टाकून तसेच आलेले असावेत. वानखडेबाबू नंतर म्हणाले की अंगाला शेवंतीचा वास येत होता. त्यांचं बोलणं बाबूंनी मला त्याच संध्याकाळी शब्दशः सांगितलं, आणि मी ते तेव्हापासून शब्दशः जपलेलं आहे.

"हरकत घ्याची हाय," ते म्हणाले.

"कारन?"

"कारन काय काय चालते?"

बाबूंनी कायदा काढला आणि एकेक विचारलं. "पोरीचं वय?"

"एकवीस पुरं."

"आधीचं लगन झालं हाय का? तिचं, का त्याचं?"

"नाई."

"डोस्क्यानं काही?"

"पोरगी शायनी हाय माही."

"दोघं जवळच्या नात्यातले?"

यावर ते हसले म्हणे. "नात्यातले असते तं मी इथं कायले आलो असतो, बाबू?" मग विचारलं, "पाचवं कारन नाही का?"

"नाई."

"जातीचं?"

"नाई, बाबा. ते कागदात नाही."

बाबूंनी त्यांना कोरा कागद दिला. ते तो घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसले. झाडाखालचा अर्ज लिहिणारा लगेच सरसावला: वय कमी लिहून देतो, चौकशीतच तीन महिने जातात, तोवर पोरगी घरी न्या. वानखडेबाबूंनी हे दारातून ऐकलं. म्हाताऱ्याने त्याला सांगितलं, "तिचा जनम माह्या घरात झाला. खोटं कसं लिवू?" आणि ते बसून राहिले. अकरा वाजल्यापासून दीडपर्यंत. मग उठले, कोरा कागद चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवला आणि स्टँडकडे चालू लागले.

पाचव्या दिवशी आमचं लग्न झालं. वानखडेबाबू तिसरे साक्षीदार झाले.

मी इंदूला हे सांगितलं नाही. आधी वाटलं, लग्नाच्या तोंडावर कशाला. वडील हरकत घ्यायला आले होते हे ऐकून तिला काय वाटेल. पुढे ते वारले आणि ती त्या एका वाक्यापाशी येऊन थांबली: बोट बी नाही हालवलं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

माझ्या पत्राला तिसऱ्या दिवशी दूरध्वनीवर उत्तर आलं. व्यवस्थापक वयाने लहान असावा. "काका, तुमचं पत्र आमी ऑफिसच्या भिंतीले लावलं. उद्या बाराच्या खेळाले या, शेवटचा दिवस हाय पिक्चरचा. ऑपरेटरले सांगतलं, आग लागली तरी हात नाही लावायचा." तिकिटाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ते मला नियमबाह्य वाटलं, पण मी मुद्दा वाढवला नाही.

आम्हाला धरून सात माणसं होती. हुकं तुटली, लागली. मग म्हातारा रस्ता ओलांडून आला आणि बाकड्यावर बसला. मशीन थांबलं. कुणी शिट्टी मारली नाही. आता मी सिनेमाकडे पाहत नव्हतो, इंदूकडे पाहत होतो. ती चष्मा सारखा करून बघत होती. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. म्हाताऱ्याने खिशातून काहीतरी काढलं. तुटलेलं हूक होतं ते. त्याने ते बाकड्यावर ठेवलं आणि तो गेला. त्याला सगळं ठाऊक होतं. सिनेमातल्या दोघांचं पुढे काही होत नाही. ती दूर निघून जाते, तो शिवत राहतो. पण त्या म्हाताऱ्याने गावाला हाक मारली नाही, आणि ती मारायला त्याच्याजवळ अख्खी दुपार होती. घाईच्या सिनेमात त्याने हाक मारलीच असती. न करण्याला वेळ लागतो. दिग्दर्शकाने तो वेळ दिला, म्हणून मी या माणसाचा ऋणी आहे.

खेळ सुटल्यावर आम्ही पायऱ्यांवरच बसलो. संताप आला की मी पुस्तकी बोलतो; भीती वाटली की वऱ्हाडी. मी म्हणालो, "इंदू, तुले एक सांगाचं राहून गेलं."

मी सांगितलं. खण, प्रत, चार कारणं, पाचवं, कोरा कागद. 'खोटं कसं लिवू' इथे आलो तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आले होते म्हना."

"आले होते."

"तुमच्यासारकेच निंगाले. कागदावर खोटं नाही चालत दोघाईले." ती हसली, आणि हसता हसताच रडली. मला वाटलं, पंचेचाळीस वर्षांचं काम झालं. माझ्या त्या मूर्ख पत्राने तिच्या वडिलांना एक महिना दिला, त्या महिन्यात ते आले, बसले, आणि लिहिलं नाही. चोरून झालेल्या लग्नात तिला हे मिळालं नसतं. मी हे तिला समजावून सांगणार, एवढ्यात तिने विचारलं,

"अडीच तास बसले. पानी देल्लं का कोनं त्याईले?"

कलमं मला पाठ आहेत. हा प्रश्न कुठल्याही कलमात नव्हता, आणि मी त्यालाच घाबरून पंचेचाळीस वर्षं गप्प होतो.

"मी होतो तिथं," मी म्हणालो. "समोरच्या व्हरांड्यात."

मी त्यांना ते आले तेव्हाच पाहिलं होतं, आणि बगीच्यात दिसलेले ते हेच, हे ओळखलंही होतं. आमच्या व्हरांड्यात माठ होता. त्याचा पेला साखळीला बांधलेला, म्हणून मी माझा डब्यातला ग्लास काढला आणि भरला. मधे अंगण होतं, फार तर तीस पावलांचं. ऊन चढलं होतं. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले होते. मी खांबाआड ग्लास घेऊन उभा राहिलो. माझ्या हातचं पाणी ते घेतील का? आणि नाही घेतलं, तर त्यांच्या मुलीबरोबर मी आयुष्यभर कोणत्या तोंडाने राहू? साऱ्या जगाला जाब विचारणारा मी, हा एक प्रश्न विचारू शकलो नाही. ते उठून गेल्यावर मी तो ग्लास कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला.

आम्ही रिक्षा केली, ती राजापेठेच्या गर्दीत अडकली. कोपऱ्यावर संत्र्यांची गाडी लागली होती. एरवी इंदू रिक्षा थांबवते, भाव करते. आज पाहिलंही नाही. घरी आलो, तिने चपला काढल्या आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसली. उन्हं कलली होती. मी आत गेलो. स्वयंपाकघरात थोडा वेळ नुसता उभा राहिलो. मग ग्लास भरला आणि बाहेर आणला. स्वयंपाकघर ते ओसरी, दहा पावलं असतील.

तिने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता काहून?"

मी ग्लास धरून उभा राहिलो.

तिने तो घेतला. सावकाश, एक एक घोट करत, सगळा प्याली. रिकामा ग्लास माझ्या हातात परत दिला.

"एवढंच तं होतं," ती म्हणाली.